व्हिपल शस्त्रक्रियेआधीचा सीटी स्कॅन काय सांगतो?

स्वादुपिंडाच्या डोक्याकडची गाठ काढण्याच्या शस्त्रक्रियेला ‘व्हिपल’ म्हणतात. नागपुरात हा सल्ला मिळालेले रुग्ण विचारतात, “डॉक्टर, गाठ तर दिसली, आता स्कॅनमध्ये अजून काय बघता?”

उत्तर इतिहासात आहे. बर्लिनच्या वाल्थर काउश यांनी १९०९ मध्ये अशी शस्त्रक्रिया केली. न्यूयॉर्कच्या ॲलन व्हिपल यांनी १९३५ मध्ये आपले रुग्ण जगासमोर मांडले. तेव्हा पोट उघडेपर्यंत स्वादुपिंड कसे आहे, हे कळतच नसे. मोठी भीती एकच: शिवलेल्या जागेतून पाचक रस झिरपणे, म्हणजे फिस्टुला. त्यातून जंतुसंसर्ग होतो, कधी जीवघेणा रक्तस्रावही.

१९७१ मध्ये लंडनला पहिल्या रुग्णाचा सीटी स्कॅन झाला आणि हळूहळू पोटाच्या आतलेही आधी दिसू लागले. २००५ मध्ये फिस्टुलाची जगभरासाठी एकच व्याख्या ठरली. २०१३ मध्ये जोखमीचे गुण मोजण्याची पद्धत आली. त्यात स्वादुपिंडाचा मऊपणा आणि नळीची रुंदी महत्त्वाची.

इथे एक उलटी गोष्ट आहे. निरोगी, मऊ स्वादुपिंडात टाका नीट धरत नाही आणि बारीक नळी शिवणे अवघड जाते. आजाराने कडक झालेले स्वादुपिंड मात्र टाका घट्ट धरते. नळीची रुंदी स्कॅनवर मोजता येते, मऊपणाचा अंदाजही येतो.

म्हणून शस्त्रक्रिया इथे असो वा मुंबईला, स्कॅनची सीडी सोबत ठेवा. “नळी किती मिलिमीटर आहे?” असे जरूर विचारा. धोका जास्त म्हणजे शस्त्रक्रिया नको, असे नव्हे. नंतरची देखरेख अधिक कडक हवी, एवढाच त्याचा अर्थ.