दोष कोणाचा, देणे कोणाचे?

श्रोतेहो, पालिकेच्या चुकीचे पैसे कोणी भरायचे, हा प्रश्न आज आपण इंग्लंडच्या इतिहासात जाऊन पाहू. इंग्लंडच का? तर ठराव करणाऱ्याच्याच खिशातून नुकसान वसूल करायची पद्धत तिथे दीडशेवर वर्षे चालली. आपल्या ग्रामपंचायतींत 'भार-अधिभार' हा शब्द ऐकला की सरपंचाला घाम फुटतो ना, तो अधिभार त्याच घराण्यातला. मुंबई प्रांताच्या 1930 च्या स्थानिक निधी लेखापरीक्षा कायद्यातून तो आपल्याकडे रुळला.

इंग्लंडमध्ये 1844 साली गरीब कायद्यात दुरुस्ती झाली आणि जिल्हा लेखापरीक्षक आले. बेकायदा खर्च नामंजूर करायचा आणि तो ज्यांनी मंजूर केला त्यांच्यावर बसवायचा. हिशेब सरळ वाटतो. पण बेकायदा कशाला म्हणायचे?

लंडनच्या पूर्वेला पॉप्लर ही गोदी कामगारांची वस्ती. जॉर्ज लॅन्सबरी आणि त्यांचे सहकारी तिथे निवडून आले. 1921 मध्ये कराच्या वेगळ्या भांडणात यांतले 30 जण तुरुंगातही जाऊन आले, पण आपला विषय तो नाही. त्यांनी पालिकेच्या कामगारांना आठवड्याला किमान 4 पौंड द्यायचे ठरवले, बाई असो की पुरुष. महागाई उतरली तरी पगार उतरवला नाही. कायद्यात तर पालिकेला योग्य वाटेल ते वेतन द्यावे असेच होते! तरी लेखापरीक्षकाने 5,000 पौंड नामंजूर करून नगरसेवकांवर बसवले, आणि 1925 मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने त्याची बाजू उचलून धरली. योग्य म्हणजे वाजवी, आणि वाजवी काय ते बाजार सांगणार. एका न्यायमूर्तींनी तर बाई-पुरुषांना सारखा पगार देण्याच्या आकांक्षेलाच बोल लावला. हे लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

पुढेही असेच घडत गेले. क्ले क्रॉसच्या 11 नगरसेवकांनी 1972 च्या कायद्याप्रमाणे घरभाडी वाढवली नाहीत. 6,985 पौंड अधिभार बसला, पदे गेली. लिव्हरपूलच्या 47 जणांनी 1985 मध्ये कर ठरवायला उशीर केला, 1,06,103 पौंड. यांतल्या कुणी स्वतःचं घर भरलं नव्हतं.

मग खरा स्वार्थ सापडला तो वेस्टमिन्स्टरमध्ये. शर्ली पोर्टर यांच्या पालिकेने अटीतटीच्या प्रभागांत पालिकेची घरे विकायला काढली. घरमालक होणारा आपल्याला मत देईल, हा हिशेब. 2001 मध्ये लॉर्ड्सने 2.65 कोटी पौंडांचा अधिभार कायम केला. व्याज धरून तो चार कोटींवर गेला. 2004 मध्ये तडजोड झाली 1.23 कोटींवर. इथे अधिभार रास्त होता, असे आम्हांला वाटते. पण गंमत अशी, की धनवानाला तो शेवटी निम्म्याहून कमी भरावा लागला.

तोवर 2000 च्या कायद्याने ही पद्धतच मोडीत निघाली होती. एकच माणूस तपास करतो, ठपका ठेवतो आणि वसुलीही लावतो, हा आक्षेप खोटा नव्हता. पण जागा रिकामी राहिली, तिचं काय?

बर्मिंगहॅम पाहा. तिथे कचरा उचलण्यासारख्या पुरुषांच्या कामांना बोनस मिळे. सफाई, स्वयंपाक, रुग्णसेवा करणाऱ्या बायकांना मिळत नसे. 2012 मध्ये या बायका सर्वोच्च न्यायालयात जिंकल्या. पालिकेने शंभर कोटी पौंडांच्या वर भरपाई दिली, तरी तिढा सुटला नाही. सप्टेंबर 2023 मध्ये तिने आपल्याकडे पैसे उरले नसल्याची नोटीस काढली. समान वेतनाचे आणखी देणे तेव्हा 65 ते 76 कोटी धरले होते, शिवाय नव्या संगणक प्रणालीचा खर्चही हाताबाहेर गेलेला. पॉप्लरवाल्यांवर सारखा पगार दिला म्हणून अधिभार बसला होता. इथे सारखा पगार दिला नाही म्हणून पालिका बुडाली, आणि ज्यांनी वर्षानुवर्षे ते चालू दिलं त्यांच्यातल्या कुणाला स्वतःचा एक पौंडही भरावा लागला नाही.

भरले कोणी? कौन्सिल टॅक्स, म्हणजे तिथली घरपट्टी, 2024 मध्ये जवळजवळ दहा टक्क्यांनी वाढली, पुढच्या वर्षी आणखी साडेसात. दावा जिंकलेली सफाई कामगार त्याच शहरात राहत असेल, तर ते वाढीव बिल तिच्याही दारात येतं.