एका ‘ऱ’चे दोन पत्ते

‘पनवेल’ या शब्दात संगणकाच्या लेखी पाच खुणा आहेत: प, न, व, मात्रा आणि ल. हाच शब्द वेबपत्त्यात गेला की पंचेचाळीस चिन्हांचा होतो. नुसता ‘प’ म्हणजे %ई०%ए४%एए. हे असं का, ते कळायला १९९४ मध्ये जावं लागतं.

त्या डिसेंबरात टिम बर्नर्स-ली आणि सहकाऱ्यांनी वेबपत्त्याचे नियम मांडले. इंग्रजी अक्षरं, आकडे आणि मोजकी चिन्हं चालतील. बाकीचा प्रत्येक बाइट टक्क्याचं चिन्ह आणि दोन षोडशमान अंकांनी लिहायचा. तो बाइट कोणत्या संकेतातला, हे मात्र सांगितलं नाही. भारताच्या १९९१ च्या इस्कीत ‘प’ एका बाइटचा, यूटीएफ-८ मध्ये तीन बाइटचा. २००५ च्या सुधारित नियमांनी यूटीएफ-८ सुचवलं, तेही नव्याने येणाऱ्या पद्धतींसाठी.

२००७ मध्ये कॅलडॅव्ह आलं. त्यात प्रत्येक कॅलेंडरला आणि प्रत्येक नोंदीला स्वतःचा पत्ता असतो. फोन सर्व्हरकडून पत्ते मागवतो आणि आपल्याकडच्यांशी ताडून बघतो. घोळ होतो तो इथेच. ईमेलमधलं @ कुणी तसंच ठेवतं, कुणी %४० लिहितं. सर्व्हर दोन्ही एकच मानतो, पण नुसती अक्षरं जुळवणाऱ्या ॲपला ते दोन वेगळे पत्ते वाटतात. मग नोंद दोनदा दिसते, किंवा ‘सर्व्हरवरून पुसली’ असं समजून ॲप ती उडवतं.

मराठीत याला आणखी एक फाटा आहे: ‘ऱ’. युनिकोडमध्ये तो एक अक्षर म्हणून लिहिता येतो, किंवा ‘र’ आणि खालचा नुक्ता असाही. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. पत्त्यात मात्र पहिला नऊ चिन्हांचा, दुसरा अठरा. मॅकची जुनी फाइलपद्धत नावं फोडूनच साठवायची. आमच्या घरी आईच्या तपासण्यांचं कॅलेंडर आहे, ‘दवाखान्याच्या फेऱ्या’. नावावरून पत्ता बनवणाऱ्या सर्व्हरवर असं कॅलेंडर दोन रूपांत फुटू शकतं. तारीख एकात, आणि घरचे बघतात दुसरं.

उपाय अवघड नाही. सर्व्हरने दिलेला पत्ता जसाच्या तसा जपायचा, ताडताना दोन्ही बाजू उलगडून एका रूपात आणायच्या, आणि पत्त्यात नावाऐवजी निरर्थक क्रमांक ठेवायचा. बरीच ॲप्स आता हेच करतात. पण माझं म्हणणं एवढंच, की चाचणी घेताना ‘टेस्ट’ नावाचं कॅलेंडर पुरत नाही. एक ‘फेऱ्या’ही बनवून बघा.