आपल्याच घरात भाडेकरू झालेली दुकाने

१५ मे २०२१. त्या दिवशी ब्रिटनमधील ‘डेबेनहॅम्स’ची उरलीसुरली दुकाने कायमची बंद झाली. या दुकानाचे मूळ १७७८ साली लंडनच्या विगमोर स्ट्रीटवर विल्यम क्लार्क नावाच्या कापडवाल्याने थाटलेल्या एका लहानशा दुकानात होते. काळाचा अंदाज यावा म्हणून सांगतो : तेव्हा पुण्यात सवाई माधवराव जेमतेम चार वर्षांचे होते आणि वडगावची लढाई अजून व्हायची होती.

२४३ वर्षे टिकलेले दुकान बुडाले कसे? ‘ऑनलाइन खरेदीमुळे’ हे उत्तर सगळेच देतात. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. आजच्या धाग्यात ब्रिटनमधील डिपार्टमेंट स्टोअरच्या ऱ्हासाची कथा थोडी मागून, म्हणजे इंटरनेट जन्माला येण्याच्या कितीतरी आधीपासून पाहू.

प्रथम एक शब्द. ‘हाय स्ट्रीट’ म्हणजे इंग्रजी गावाची मुख्य पेठ. आपल्या लक्ष्मी रोडसारखी. या पेठेतली सर्वांत मोठी, कोपऱ्यावरची, तीनचार मजली इमारत बहुधा डिपार्टमेंट स्टोअरची असे. खाली हातमोजे आणि अत्तरे, वर कापडचोपड, त्याच्या वर फर्निचर आणि कुठेतरी चहाची खोली.

या दुकानांचा जन्म कापडाच्या व्यापारातून झाला. न्यूकॅसलच्या बेनब्रिज यांच्या दुकानात १८४९ सालीच प्रत्येक विभागाच्या आठवड्याच्या विक्रीचा हिशेब स्वतंत्रपणे ठेवला जात होता. पॅरिसच्या ‘बाँ मार्शे’चे नाव अधिक गाजले खरे, पण विभागवार दुकान ही कल्पना एकट्या पॅरिसची नव्हे.

आज आपल्याला ज्यात काहीच नवल वाटत नाही, ते तेव्हा नवीन होते. जुन्या पद्धतीच्या दुकानात शिरणे म्हणजे खरेदीला बांधील होणे. गल्ल्यापलीकडचा नोकर माल काढून दाखवी आणि काही न घेता बाहेर पडणे अवघड होई. मोठ्या दुकानांनी किमती चिठ्ठीवर लिहिल्या, घासाघीस थांबवली आणि ‘नुसते पाहायला आलो आहे’ असे म्हणण्याची मुभा दिली. माझ्या मते या शेवटच्या मुभेइतका मोठा सामाजिक बदल त्या काळातल्या फार थोड्या कायद्यांनी घडवला असेल.

कारण ती मुभा प्रामुख्याने स्त्रियांना मिळाली. व्हिक्टोरियन लंडनमध्ये प्रतिष्ठित घरातल्या स्त्रीने एकटीने दिवसभर कुठे वावरावे, कुठे बसावे, हा प्रश्न होता. स्त्रियांसाठी सार्वजनिक स्वच्छतागृहेसुद्धा दुर्मीळ होती. डिपार्टमेंट स्टोअरने स्वच्छतागृह दिले, विश्रांतीची खोली दिली, चहा दिला. हेतू अर्थातच नफ्याचा होता. पण परिणाम हेतूच्या पुढे गेला.

मताधिकारासाठी लढणाऱ्या स्त्रियांचे जांभळे, पांढरे आणि हिरवे रंग याच दुकानांतून विकले जात आणि ही दुकाने त्यांच्या नियतकालिकांत जाहिराती देत. तरीही १ मार्च १९१२ रोजी त्याच आंदोलक स्त्रियांनी हातोड्या घेऊन लंडनच्या वेस्ट एंडमधील दुकानांच्या काचा फोडल्या. त्यांत ‘मार्शल अँड स्नेलग्रोव्ह’ हे दुकानही होते. हे नाव लक्षात ठेवा. त्याची जागा पुन्हा येणार आहे.

अर्थात या झगमगाटाला दुसरी बाजू होती. दुकानातल्या नोकरांना मालकाच्याच वसतिगृहात राहावे लागे. खोल्या दाटीच्या, जेवण निकृष्ट आणि बारीकसारीक चुकांना दंड. मार्गारेट बॉन्डफिल्ड ही अशीच एक दुकानात काम करणारी मुलगी. तिने ‘ग्रेस डेअर’ या टोपणनावाने कामगार संघटनेच्या पत्रात या जिण्याबद्दल लिहिले. पुढे १९२९ साली तीच बॉन्डफिल्ड ब्रिटनच्या मंत्रिमंडळातली पहिली स्त्री मंत्री झाली, आणि खाते मिळाले तेही कामगार खाते! मला हा प्रवास कोणत्याही दुकानाच्या इतिहासापेक्षा जास्त मोलाचा वाटतो.

१९०९ मध्ये अमेरिकेहून आलेल्या हॅरी गॉर्डन सेल्फ्रिज यांनी ऑक्सफर्ड स्ट्रीटवर आपले दुकान उघडले. त्याच वर्षी लुई ब्लेरिओ यांनी विमानाने इंग्लिश खाडी ओलांडली आणि ते विमान थेट सेल्फ्रिज यांच्या दुकानात प्रदर्शनाला लागले. १९२५ मध्ये जॉन लोगी बेअर्ड यांनी दूरचित्रवाणीचे आरंभीचे प्रयोग लोकांना दाखवले, तेही याच दुकानात. दुकान म्हणजे तिकीट नसलेली जत्रा, हे सेल्फ्रिज यांना नेमके कळले होते.

आता कथेच्या मर्माकडे वळू.

ही दुकाने श्रीमंत होती याचे एक कारण क्वचितच सांगितले जाते : अनेकदा ती ज्या जमिनीवर उभी होती ती त्यांच्याच मालकीची होती. गावाच्या मधोमध, कोपऱ्यावरची जागा. भाडे नाही. एखादे वर्ष वाईट गेले तरी दुकान तग धरू शके, कारण महिनाअखेरीस दार ठोठावणारा घरमालकच नव्हता.

दुसऱ्या महायुद्धानंतर शहरातल्या जागांचे भाव चढू लागले, पण कंपन्यांच्या हिशेबवह्यांत त्या जागा जुन्याच किमतीने नोंदलेल्या होत्या. ही तफावत चार्ल्स क्लोर यांनी हेरली. १९५३ साली त्यांनी सुमारे ९०० जोड्यांची दुकाने असलेली ‘जे. सिअर्स’ ही कंपनी संचालकांना डावलून थेट भागधारकांकडून विकत घेतली. मग तिच्या जागा विमा कंपन्यांना विकल्या आणि त्याच जागा दीर्घ मुदतीच्या भाड्याने परत घेतल्या. दुकाने होती तिथेच राहिली. गिऱ्हाइकाला काहीच कळले नाही. बदलला तो फक्त मालक.

जागा विकायची आणि तीच भाड्याने घ्यायची, ही युक्ती लवकरच रूढ झाली. स्कॉटलंडच्या ह्यू फ्रेझर यांनीही या मार्गाने पैसा उभा करून दुकानामागून दुकान घेतले आणि १९५९ मध्ये ‘हॅरॉड्स’पर्यंत मजल मारली. १९६५ मध्ये क्लोर यांच्या समूहाकडे लुइस समूह आला आणि त्याच्याबरोबर ‘सेल्फ्रिजेस’ही. पैसा हातात खेळत होता आणि भाडे तेव्हा फार जाचत नव्हते. म्हणून त्या पिढीला यात काही चुकले असे वाटले नाही. तिला आज दोष देणे सोपे आहे.

याच सुमारास दुसरे काहीतरी हरवत होते. डेबेनहॅम्सने विसाव्या शतकात गावोगावची दुकाने विकत घेतली होती, पण त्यांची जुनी नावे तशीच राहू दिली होती. १९७३ मध्ये त्या दुकानांवर सरसकट ‘डेबेनहॅम्स’ ही पाटी चढली. चेस्टरचे ‘ब्राऊन्स’ तेवढे वाचले. लंडनमध्ये ‘मार्शल अँड स्नेलग्रोव्ह’ची जागा डेबेनहॅम्सचे मुख्य दुकान झाली, म्हणजे १९१२ मध्ये जिथल्या काचा फुटल्या तीच जागा. ‘आपल्या गावचे दुकान’ जाऊन ‘कुठेही असू शकेल असे दुकान’ आले.

मग मोटार आली. १९७६ मध्ये लंडनच्या उत्तर भागात ‘ब्रेंट क्रॉस’, १९८६ मध्ये गेट्सहेडजवळ ‘मेट्रो सेंटर’ अशी छताखालची प्रचंड खरेदीकेंद्रे उभी राहिली. पण या बदलाची सर्वांत बोलकी गोष्ट शेफिल्डची आहे.

शेफिल्ड हे पोलादाचे शहर. तिथे १८४७ साली कोल बंधूंचे दुकान सुरू झाले. ते ज्या कोपऱ्यावर होते त्याला लोक ‘कोल्स कॉर्नर’ म्हणत. तरुण-तरुणींच्या भेटीची जागा हीच. १९६३ मध्ये दुकान तिथून बार्कर्स पूल भागातल्या नव्या इमारतीत गेले, तरी त्या कोपऱ्याचे नाव काही बदलले नाही. दुकान जाऊन चाळीस वर्षे उलटल्यावर, २००५ मध्ये, शेफिल्डचे गायक रिचर्ड हॉले यांनी आपल्या अल्बमला तेच नाव दिले. नुसत्या विक्रीच्या जागेला लोक इतका काळ जपत नाहीत.

त्याच शेफिल्डमध्ये पोलादाचे कारखाने बंद पडले. शहराच्या कडेला, जुन्या हॅडफिल्ड पोलाद कारखान्याच्या जागेवर १९९० मध्ये ‘मेडोहॉल’ हे खरेदीकेंद्र उघडले. मोटारी लावायला भरपूर जागा, तीही फुकट. ज्या जागी लोक पोलाद घडवत तिथे ते खरेदीला जाऊ लागले आणि गावातली पेठ ओस पडू लागली. (मुंबईच्या गिरण्यांच्या जमिनींवर उभे राहिलेले मॉल ज्यांनी पाहिले आहेत त्यांना हे चित्र निराळे सांगायला नको.) सरकारने १९९६ मध्ये गावाबाहेरच्या खरेदीकेंद्रांवरचे धोरण कडक केले, पण तोवर बरेच काही उभे राहिले होते.

आता पुन्हा डेबेनहॅम्स. २००३ च्या अखेरीस तीन गुंतवणूक संस्थांच्या गटाने ही कंपनी विकत घेतली. त्यांनी स्वतःचे सुमारे ६० कोटी पौंड घातले; बाकीची रक्कम कर्जाची, आणि त्या कर्जाचा बोजा कंपनीच्याच डोक्यावर. २००५ मध्ये २३ दुकानांच्या जागा ‘ब्रिटिश लँड’ला ४९.५ कोटी पौंडांना विकून त्याच दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने परत घेतल्या गेल्या. भाडे ठरल्याप्रमाणे चढत जाणारे. मालकांनी सुमारे १२० कोटी पौंड लाभांशापोटी काढून घेतले आणि २००६ मध्ये कंपनी पुन्हा शेअर बाजारात आणली. तेव्हा तिच्यावर १०० कोटी पौंडांहून अधिक कर्ज होते.

या व्यवहारात बेकायदा काहीही नव्हते, हे मुद्दाम नोंदवतो. पण परिणाम पाहा. ऑनलाइन विक्रेत्याशी झुंजायचे तर दुकाने सजवायला, वेबसाइट सुधारायला पैसा हवा. तो पैसा व्याजात आणि भाड्यात जात होता. शिवाय ब्रिटनमध्ये व्यापारी जागेवरचा कर तिच्या भाडेमूल्यावर ठरतो, दुकानाच्या नफ्यावर नाही. चारमजली दुकानाला तो किती जड जात असेल याची कल्पना करा. २०१९ मध्ये ब्रिटनमधील एकूण किरकोळ विक्रीपैकी साधारण पाचवा हिस्सा ऑनलाइन होता. हा धक्का मोठा होताच, पण तो आधीच पोखरलेल्या भिंतीला बसला.

‘बीएचएस’ची कथा याहून कडवट. १९२८ साली ब्रिक्स्टनमध्ये सुरू झालेले हे दुकान फिलिप ग्रीन यांनी २००० मध्ये २० कोटी पौंडांना घेतले. पुढच्याच वर्षी त्यातल्या दहा दुकानांच्या जागा १०.६ कोटी पौंडांना ग्रीन कुटुंबाच्याच जर्सी बेटावरील कंपनीकडे गेल्या आणि बीएचएस तिला भाडे देऊ लागले. २०१५ मध्ये अख्खी कंपनी विकली गेली. किंमत? एक पौंड. वर्षभरात, एप्रिल २०१६ मध्ये, ती कोसळली.

१६४ दुकाने, सुमारे ११,००० नोकऱ्या आणि निवृत्तिवेतन निधीत ५७.१ कोटी पौंडांची तूट. संसदेच्या समित्यांनी जाहीर चौकशी केली आणि २०१७ मध्ये ग्रीन यांनी त्या निधीसाठी ३६.३ कोटी पौंड दिले. आयुष्यभर गल्ल्यामागे उभे राहिलेल्या माणसांच्या म्हातारपणाची तरतूद अशी वाटाघाटीचा विषय झाली. बॉन्डफिल्डच्या काळातल्या वसतिगृहाची मला इथे आठवण होते.

‘कोस्टार’ या मालमत्तेचा अभ्यास करणाऱ्या संस्थेने २०२१ मध्ये मोजदाद केली. बीएचएस पडण्याच्या सुमारास ब्रिटनमधील प्रमुख साखळ्यांची मिळून ४६७ डिपार्टमेंट स्टोअर्स होती. पाच वर्षांनी उरली ७९.

इथे माझ्याच मांडणीला एक आक्षेप घेतो. ‘जॉन लुइस’ ही कंपनी नोकरांच्याच मालकीची आहे. लाभांश लुटून नेणारा कोणी तिथे नव्हता. तरीही २०२१ मध्ये तिने आठ दुकाने टाळेबंदीनंतर पुन्हा उघडायचीच नाहीत असे ठरवले. त्यांत शेफिल्डचे, म्हणजे मूळचे कोल बंधूंचे दुकानही होते. तेव्हा सगळा दोष जागेच्या सौद्यांवर टाकता येत नाही. लोकांची सवय खरोखरच बदलली होती. फरक वाचण्याच्या शक्यतेत पडतो : जॉन लुइस छाटले गेले, पण उभे आहे.

या कथेचा एक धागा मुंबईत निघतो. १८७१ साली लष्करी अधिकाऱ्यांनी लंडनमध्ये स्वस्त मालासाठी ‘आर्मी अँड नेव्ही’ ही सहकारी संस्था काढली. १८९१ मध्ये तिने मुंबईत शाखा उघडली. काळा घोड्याजवळची ‘आर्मी अँड नेव्ही बिल्डिंग’ ती हीच. लंडनचे मूळ दुकान १९७३ मध्ये ‘हाउस ऑफ फ्रेझर’ने घेतले आणि २००५ मध्ये त्याचे जुने नाव पुसले. तो हाउस ऑफ फ्रेझरही २०१८ मध्ये बुडाला आणि ९ कोटी पौंडांना विकला गेला. गंमत अशी की लंडनच्या दुकानावरून गेलेले नाव मुंबईच्या इमारतीने जपले आहे.

डेबेनहॅम्सचे नाव आणि वेबसाइट जानेवारी २०२१ मध्ये ‘बूहू’ने ५.५ कोटी पौंडांना घेतली. दुकाने आणि माणसे त्या सौद्यात नव्हती. २०२५ मध्ये बूहूने आपल्या समूहालाच ‘डेबेनहॅम्स’ हे नाव दिले.

आणि बोर्नमथमध्ये? तिथले डेबेनहॅम्स म्हणजे १९७३ पूर्वीचे ‘बॉबीज’. रिकाम्या झालेल्या त्या इमारतीत २०२१ च्या शरद ऋतूत नव्या मालकांनी कलादालन, खाण्याचे पदार्थ आणि छोटी दुकाने सुरू केली. दर्शनी भागावर नाव लिहिले : बॉबीज.