एका यंत्रावर चार प्रकारचे आटे: ब्रिटिश मोटारसायकल आणि घरची दुरुस्ती

१/
१९५९ सालची ट्रायम्फ बॉनव्हिल इंग्लंडमधील एखाद्या घराच्या परसातील शेडमध्ये उभी आहे आणि तिचा एक नट सोडवायचा आहे. १३ मिलिमीटरचा पाना त्यावर चढतच नाही. १४ चा चढतो, पण जोर लावताच घसरतो आणि नटाचे कोपरे गोल करून टाकतो. दोष पान्याचा नाही आणि नटाचाही नाही. या नटाची गोष्ट १८४१ साली सुरू होते. हा धागा त्या नटाचा, आणि अशी यंत्रे पिढ्यानपिढ्या स्वतःच्या घरी खोलून पुन्हा जोडणाऱ्या माणसांचा.

२/
१८४१ पर्यंत इंग्लंडमधील प्रत्येक कारखाना आपापल्या मर्जीने आटे पाडत असे. एका कारखान्याचा बोल्ट दुसऱ्याच्या नटात जात नसे. मँचेस्टरचे यंत्रकार जोसेफ व्हिटवर्थ यांनी ठिकठिकाणच्या कारखान्यांतून बोल्ट गोळा केले, त्यांची मापे घेतली, सरासरी काढली आणि ५५ अंशांच्या कोनाचा एक प्रमाणित आटा सुचवला. रेल्वेने तो उचलला आणि हळूहळू सारा देश त्याच्या मागे गेला.

या पद्धतीत पान्यावरील आकडा जबड्याची रुंदी सांगत नाही, बोल्टचा व्यास सांगतो. ‘१/४ व्हिटवर्थ’ असे कोरलेल्या पान्याचा जबडा प्रत्यक्षात ०.५२५ इंचांचा, म्हणजे सुमारे १३.३ मिलिमीटरचा असतो. १३ आणि १४ यांच्यामधील कोडे असे सुटते.

३/
पण बॉनव्हिलवर केवळ व्हिटवर्थचे आटे नाहीत, कारण ब्रिटिश मोटारसायकल जन्मली सायकलीच्या कारखान्यात. ट्रायम्फ मुळात सायकली बनवत असे आणि तिची पहिली मोटारसायकल १९०२ सालची. जेम्स नॉर्टन यांनी सायकलींना लागणारे सुटे भाग बनवण्यापासून सुरुवात केली. बीएसए, म्हणजे बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स, ही १८६१ साली स्थापन झालेली बंदुकांची कंपनी. तीही सायकलीच्या वाटेनेच मोटारसायकलीकडे आली. सायकलीच्या पातळ नळीवर व्हिटवर्थचा जाड आटा चालत नाही. म्हणून सायकल व्यवसायाने १९०२ मध्ये स्वतःचा बारीक, ६० अंशांचा आटा ठरवला आणि तो मोटारसायकलीतही आला.

४/
विजेच्या भागांत आणखी वेगळा प्रकार. मॅग्नेटो आणि डायनामो लुकास कंपनीचे, आणि त्यांतील चिमुकले स्क्रू ‘बीए’ मापाचे. ब्रिटिश असोसिएशन या विज्ञानसंस्थेने १८८४ मध्ये शिफारस केलेली ही मापे मुळात स्विस पद्धतीवरून घेतलेली, म्हणून त्यांचा पाया मिलिमीटरचा. इंच-फुटांचा अभिमान बाळगणाऱ्या साम्राज्याच्या यंत्रात मेट्रिक पद्धत अशी मागच्या दाराने आधीच येऊन बसली होती!

५/
ॲल्युमिनियमच्या क्रँककेसमधून वर आलेला एखादा स्टड पाहावा. मऊ धातूत रुतलेल्या त्याच्या खालच्या टोकावर जाड व्हिटवर्थ आटे असतात आणि नट बसणाऱ्या वरच्या टोकावर बारीक सायकली आटे. दोन इंचांच्या लोखंडी काडीवर दोन उद्योगांचा वारसा.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी आणि ब्रिटिश सुटे भाग एकमेकांना बसत नाहीत याचा मोठा ताप झाला. त्यातून १९४८ मध्ये अमेरिका, कॅनडा आणि ब्रिटन यांनी एकच सामाईक आटा मान्य केला. ब्रिटिश मोटारसायकलींपर्यंत तो पोहोचायला १९६० च्या दशकाची अखेर उजाडली, आणि तोही एकदम नव्हे, भागाभागाने. त्यामुळे १९६९-७० च्या सुमाराची गाडी खोलणाऱ्याला आजही प्रत्येक नट आधी हातात घेऊन ओळखावा लागतो.

६/
ही गुंतागुंत सांभाळणारे हात कोणाचे होते? बहुतेक वेळा पगारदार मेकॅनिकचे नव्हे, तर मालकाचे. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात मोटारगाडी ही कामगार कुटुंबाच्या आवाक्याबाहेरची वस्तू होती. शेजारी साइडकार जोडलेली मोटारसायकल हेच त्याचे कौटुंबिक वाहन. सोमवारी तिच्यावरून कामावर जायचे, तर शनिवार-रविवारी तिची देखभाल करायची, आणि गॅरेजचे बिल परवडणारे नसे.

म्हणून कंपनीची पुस्तिकाच मालकाला सिलिंडर हेड कसे उतरवावे, व्हॉल्व्ह कसे घासून बसवावेत आणि इग्निशनचे टायमिंग कसे लावावे हे शिकवत असे. गाडीसोबत पान्यांची गुंडाळी मिळे. आजच्या वाहनाच्या पुस्तिकेत बहुधा जवळच्या सेवा केंद्रात जाण्याचा सल्ला असतो; तेव्हाची पुस्तिका मालकाला अर्धा कारागीर गृहीत धरून लिहिलेली होती.

७/
यातील सर्वांत परिचित विधी म्हणजे ‘डीकोक’. युद्धकाळात आणि त्यानंतरही काही वर्षे ब्रिटनमध्ये ‘पूल’ नावाचे हलक्या प्रतीचे पेट्रोल मिळे. रेशनिंग तर १९५० च्या मे महिन्यापर्यंत चालले. ज्वलनकक्षात कार्बनचा थर साचत जाई आणि इंजिन ठोके देऊ लागे. मग काही हजार मैलांनंतर हेड उतरवायचे, कार्बन खरवडायचा, व्हॉल्व्हला पेस्ट लावून बैठकीवर गोल फिरवत घासायचे आणि नवे पॅकिंग घालून सारे परत चढवायचे. थंडीच्या दिवसांत हे काम स्वयंपाकघराच्या टेबलावर होई. त्यावर घरातील इतरांचे मत काय असे, हे पुस्तिकेत अर्थातच नोंदवलेले नाही.

८/
या घरगुती शाळेची सर्वांत विलक्षण विद्यार्थिनी म्हणजे बिआट्रिस शिलिंग. १९०९ साली जन्मलेल्या या मुलीने चौदाव्या वर्षी मोटारसायकल विकत घेतली आणि ती खोलून-जोडून यंत्रविद्या शिकली. पुढे मँचेस्टर विद्यापीठातून तिने विद्युत अभियांत्रिकीची पदवी घेतली. स्वतः सज्ज केलेल्या ५०० सीसी नॉर्टनवर १९३४ मध्ये तिने ब्रुकलँड्सच्या धावपट्टीवर ताशी १०० मैलांहून अधिक वेगाची फेरी पूर्ण करून ‘गोल्ड स्टार’ मिळवला.

युद्ध सुरू झाले तेव्हा ती फार्नबरोच्या विमान संशोधन केंद्रात होती. स्पिटफायर आणि हरिकेन विमानांचे मर्लिन इंजिन नाक खाली करून झेप घेताना बंद पडे, कारण त्या क्षणी कार्ब्युरेटरमधून पेट्रोलचा लोट येऊन इंजिन गुदमरे. जर्मन विमानांत इंधन थेट सिलिंडरमध्ये फवारले जाई, त्यामुळे ती अशा वेळी सहज निसटत. शिलिंग यांनी नेमक्या मापाचे छिद्र असलेला धातूचा एक छोटा तुकडा योजला. इंजिनाला लागेल तेवढेच पेट्रोल त्यातून जाई. १९४१ मध्ये त्या विमानतळामागून विमानतळ पालथा घालत तो बसवत फिरल्या, आणि त्यासाठी त्यांचे वाहन होते त्यांची जुनी नॉर्टन.

९/
त्याच युद्धात बीएसए कंपनीने एम-२० या सैनिकी मोटारसायकली सव्वा लाखाच्या आसपास बनवल्या. निरोप घेऊन धावणाऱ्या असंख्य तरुण सैनिकांना रोजच्या देखभालीची शिस्त लागली. युद्धानंतर हीच शिलकी यंत्रे स्वस्तात विकली गेली आणि ती जाणणारे हातही त्यांच्याबरोबर घरी परतले.

१०/
घरच्या दुरुस्तीत नेमके काय पणाला लागते, हे दोन भागांवरून कळते. पहिला भाग डोळ्यांना दिसतच नाही. ट्रायम्फ आणि बीएसएच्या जोड-सिलिंडर इंजिनांत कागदी ऑइल फिल्टर नव्हता. ऑइल केवळ जाळीतून गाळले जाई. उरलेला गाळ पकडण्यासाठी क्रँकशाफ्टच्या पोटात एक नळी बसवलेली असे. शाफ्ट फिरू लागला की ताक घुसळताना लोणी वेगळे व्हावे तसा जड गाळ बाजूला फेकला जाऊन नळीच्या भिंतीला चिकटे. कल्पना सुरेख, फक्त ही नळी साफ करायची तर इंजिन पूर्ण खोलावे लागते.

अनेकांनी ते कधीच केले नाही. नळी भरत जाते, बिग-एंडच्या बेअरिंगला ऑइल पोहोचेनासे होते, आणि बाहेरून चकचकीत केलेली गाडी एखाद्या दिवशी भर रस्त्यात कनेक्टिंग रॉड तोडून क्रँककेसला भोक पाडते. जाणकार मनुष्य म्हणून जुनी गाडी घेतल्यावर रंग आणि क्रोम यांच्या आधी क्रँकशाफ्टची ती घट्ट बसलेली टोपी उष्णता देऊन सोडवतो. त्यातही एक मेख आहे. फ्लायव्हीलचा एक बोल्ट त्या नळीत घुसून तिला जागेवर धरतो. तो आधी काढला नाही, तर नळी कितीही ओढली तरी बाहेर येत नाही.

११/
दुसरा भाग मॅग्नेटो. बॅटरीशिवाय ठिणगी देणारे हे यंत्र. लोहचुंबकाच्या क्षेत्रात केसासारख्या तारेची गुंडाळी फिरते आणि पॉइंट उघडण्याच्या क्षणी ठिणगी पडते. पॉइंटमधील फट सुमारे १२ सहस्रांश इंच. टायमिंग लावताना जुने लोक पॉइंटमध्ये सिगारेटचा पातळ कागद धरत आणि इंजिन हाताने हळूहळू फिरवत. कागद अलगद सुटला की पॉइंट उघडले असे समजायचे.

लुकासच्या विद्युत सामग्रीची चेष्टा करताना इंग्रज स्वार त्या कंपनीला ‘अंधाराचा युवराज’ म्हणत. ही थट्टा थोडी अन्यायाची आहे. चाळीस-पन्नास वर्षे शेडमध्ये पडून राहण्यासाठी मॅग्नेटो बनवलाच नव्हता. थंड असताना गाडी सुरू होते, दहा मैलांनंतर बंद पडते आणि निवेपर्यंत सुरू होत नाही, हे त्याचे सुप्रसिद्ध दुखणे. कारण बहुधा गुंडाळीसोबत आत दडवलेला, म्हातारा झालेला कंडेन्सर.

आणि येथे एक धागा थेट भारतात येतो. त्या तारेवरील लेप शेलॅकचा, म्हणजे लाखेचा. छोटा नागपूरच्या परिसरात पळस, बोर, कुसुम या झाडांवर वाढणाऱ्या किड्यांपासून मिळणारी लाख हा ब्रिटिशकाळातील मोठा निर्यातमाल होता. तिच्या अभ्यासासाठी १९२४ मध्ये रांचीजवळ नामकुम येथे संशोधन संस्था निघाली. ग्रामोफोनच्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्याही लाखेच्याच. लाख उष्णतेने मऊ होते, हे लाक्षागृहाची कथा ऐकलेल्यांना नव्याने सांगायला नको. दशके उलटल्यावर हाच लेप पाघळून चिकट होतो आणि मॅग्नेटो आतल्या आत जखडतो. आज नव्याने गुंडाळी करणारे कारागीर लाखेऐवजी इपॉक्सी वापरतात.

१२/
ऑइलच्या गळतीवर तर विनोदांचा पूर आहे. तिचे एक कारण रचनेत होते: क्रँककेस उभ्या रेषेत दुभंगलेली. ऑइल साचते तेथेच, तळाशी, जोडाची रेघ येई. जपानी होंडाने आपली क्रँककेस आडवी विभागली आणि जोड ऑइलच्या पातळीच्या वर नेला. ट्रायम्फचे प्रमुख रचनाकार एडवर्ड टर्नर १९६० साली जपानला जाऊन होंडाचे कारखाने पाहून आले आणि त्यांनी इशारा देणारा अहवालही लिहिला. पण कारखान्यांतील जुनी यंत्रसामग्री बदलण्यास पैसा आणि इच्छा दोन्ही अपुरे पडले.

ग्राहकही बदलत होता. १९५९ मध्ये मिनी ही मोटारगाडी पाचशे पौंडांहून किंचित कमी किमतीत आली आणि साइडकारचे कुटुंब तिच्यात जाऊन बसले.

१३/
१९६९ मध्ये होंडाची सीबी-७५० बाजारात आली: चार सिलिंडर, बटण दाबताच सुरू होणारी, पुढे डिस्क ब्रेक, खाली ऑइलचा थेंब नाही. नेमक्या त्याच सुमारास बीएसए-ट्रायम्फने आणलेल्या तीन सिलिंडरच्या गाड्या वेगवान होत्या, पण क्रँककेस उभीच दुभंगलेली आणि सुरू करायला किकच. मालक रविवारचा दिवस आपल्यासाठी देईल, हे ब्रिटिश कारखान्याने गृहीत धरले होते. होंडाने त्याला तो रविवार परत दिला.

१९७३ मध्ये बीएसए समूह कोसळला. त्याच वर्षी ट्रायम्फचा मेरिडन कारखाना बंद करण्याची घोषणा होताच कामगारांनी तो ताब्यात घेतला. १९७५ पासून त्यांनी सहकारी तत्त्वावर तो चालवला, आणि १९८३ मध्ये तोही थांबला.

१४/
मात्र ज्या गृहीतकाने कंपन्या बुडाल्या, त्यानेच गाड्या तगल्या. साध्या हत्यारांनी खोलता येईल अशा रीतीनेच त्या घडवलेल्या होत्या. कारखाना नाहीसा झाला तरी दुरुस्तीचे ज्ञान शेडमध्ये शिल्लक होते. जुन्या मोटारसायकलींचा व्हिंटेज मोटर सायकल क्लब तर १९४६ सालीच स्थापन झाला होता. व्हिन्सेंट कंपनीने १९५५ मध्ये मोटारसायकली बनवणे थांबवले. तिच्या गाड्यांच्या मालकांनी १९७५ मध्ये स्वतःच सुटे भाग पुरवणारी कंपनी काढली. आज त्या गाडीचा जवळजवळ प्रत्येक भाग नवा घडवून मिळतो.

अडचणी आहेतच. जुन्या ब्रेक-शूजमध्ये ॲसबेस्टॉस असते, म्हणून ड्रममधील धूळ फुंकर मारून उडवणे जिवावर बेतू शकते. २०२१ पासून ब्रिटनमध्ये पेट्रोलात १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल आले. ते जुने रबर आणि फायबरच्या टाक्या खराब करते. शिवाय एक वादही मिटलेला नाही. गाडी कारखान्यातून निघाली तशी चकचकीत करावी, की साठ वर्षांचे ओरखडे आणि मूळ रंग तसाच राखावा? एकदा खरवडलेला रंग परत येत नाही, एवढे दुसऱ्या पक्षाच्या बाजूने म्हणावे लागेल.

१५/
या वारशाची एक शाखा भारतात रुजली. १९५५ मध्ये मद्रासमध्ये एनफील्ड इंडिया सुरू झाली. रेडिचची मूळ कंपनी १९७० च्या सुमारास संपली, तरी बुलेटचे बिडाचे इंजिन एकविसाव्या शतकापर्यंत येथे बनत राहिले. म्हणून जुनी बुलेट खोलणाऱ्या पुण्या-कोल्हापुरातील मेकॅनिकच्या हत्यारांतही व्हिटवर्थचे पाने सापडतात, मग त्यांना तो कोणत्याही नावाने हाक मारो.

त्या बुलेटला किक मारण्याची रीतही सांगण्यासारखी आहे. चावी फिरवायची आणि किक सावकाश दाबत अँमीटरवर नजर ठेवायची. पॉइंट उघडले की उणे बाजूला झुकलेला काटा मध्यावर येतो. मग डीकॉम्प्रेसर दाबून किक किंचित पुढे न्यायची, तो सोडायचा, किक वर येऊ द्यायची, आणि मगच पूर्ण वजनाने खाली.