कळ दाबली कुणी?

वर्ध्याहून यवतमाळच्या रस्त्याला लागलं की देवळी येते. तालुक्याचं गाव, त्यामुळे तहसील आली, बाजार समिती आली आणि दाखल्यांसाठी संगणकापुढची रांगही आली. खिडकीमागचा ऑपरेटर मराठी टाइप करतो तेव्हा त्याचं बोट आणि पडद्यावरचं अक्षर यांच्यामध्ये दोन-तीन मध्यस्थ असतात. त्यांचं घराणं शोधायला निघालं तर पहिली खूण याच जिल्ह्यात सापडते.

भांडण जुनंच आहे: कळा कमी, अक्षरं जास्त. १९३६ साली स्थापन झालेल्या वर्ध्याच्या राष्ट्रभाषा प्रचार समितीनं आपल्या छपाईत इ-उ ऐवजी ‘अि’, ‘अु’ अशी अ ची बाराखडी चालवली. खिळे आणि कळा वाचाव्यात हा त्यामागचा एक हिशेब होता. पुढे १९४८ मध्ये टंकयंत्र आणि लघुलिपीच्या प्रमाणीकरणासाठी समिती नेमली गेली, तिचे अध्यक्ष होते काकासाहेब कालेलकर, वर्ध्यात राष्ट्रभाषेच्या कामात मुरलेले. यंत्र वाकत नाही, तर लिपीनं वाकावं, अशी तेव्हाची धारणा. ती टिकली नाही, बरंच झालं.

१९८० च्या दशकात गाडी उलट्या दिशेनं निघाली. आयआयटी कानपूरमध्ये मोहन तांबे आणि सहकाऱ्यांनी जिस्ट तंत्र उभं केलं, १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक निघाली आणि ते काम तिथं आलं. जिस्ट कार्ड संगणकात खोचलं की डॉसवरचा इंग्रजी प्रोग्राम देवनागरी दाखवू लागे, आणि आपल्या पुढ्यात मराठी चाललंय याचा त्या प्रोग्रामला पत्ताही नसे. सोबत इनस्क्रिप्ट मांडणी आली: स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या. टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये टंकयंत्राच्या रेमिंग्टन मांडणीवर हात बसलेल्यांनी मात्र तिला बरीच वर्षं दारातच उभं ठेवलं.

पुढचा वारस लिनक्समधला. त्याचं नाव युइनपुट. अरिस्तेउ रोझान्स्की यांनी लिहिलेल्या या ड्रायव्हरच्या फाइलच्या माथ्यावर पहिल्या जाहीर आवृत्तीची तारीख आहे २० जून २००२. याच्या जोरावर कोणताही प्रोग्राम ‘मी कीबोर्ड आहे’ म्हणून उभा राहतो. अमुक कळ दाबली, अमुक सोडली, एवढं तो सांगतो आणि यंत्रणा ते खरं मानते. बोट कुणाचं, हे ती विचारत नाही. म्हणून युइनपुटवर लिहिलेला कोड दुसऱ्या कुणीतरी ओळ न् ओळ वाचणं हीच खरी चौकी. अशा वाचनाला शिस्त लावली आयबीएमच्या मायकेल फॅगन यांनी, १९७६ च्या लेखात. लिनक्सच्या गाभ्यावर, म्हणजे कर्नलवर, काम करणाऱ्यांचा रिवाज त्याहून मोकळा, पण तपासनिसाचं नाव प्रत्येक बदलाखाली, म्हणजे पॅचखाली, पडतं, म्हणजे जबाबदारीही पडते.

तपासनीस पहिल्यांदा परवानगी पाहतो. उपकरणाची फाइल सगळ्यांना लिहायला खुली ठेवली असेल, तर कुठलाही फालतू प्रोग्राम ऑपरेटरच्या नावानं टाइप करू शकतो. मग तो क्रम पाहतो, आणि इथं मराठी न येणारा तपासनीस हमखास फसतो. कर्नलला ‘क’ ठाऊक नाही, त्याला फक्त कळेचा क्रमांक कळतो. इनस्क्रिप्टमध्ये जे च्या कळेवर र, शिफ्टसह ऱ. शिफ्ट सुटल्याची खबर जे च्या आधी पोचली, तर ‘दऱ्या’ लिहायला गेलेल्याच्या पडद्यावर ‘दर्या’ उमटतो. दोन्ही शब्द शुद्ध, त्यामुळे शुद्धलेखन तपासणारा प्रोग्रामही गप्प. चाचणीत इंग्रजी मजकूर वापरला असेल, तर शिफ्टची चूक कॅपिटल अक्षरात लगेच दिसते. मराठीत ती डोंगरातून समुद्रात जाते आणि कुणाच्या लक्षात येत नाही.

आणखी एक जागा मला फार आवडते. युइनपुटमध्ये उपकरणाच्या नावाला ८० बाइट्स आहेत. इंग्रजीला ऐसपैस. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, काना-वेलांटीसुद्धा, तीन बाइट्स खातं. समजा कुणी हौसेनं नाव दिलं ‘देवळी तहसील कार्यालयाचा मराठी कळफलक’. झाले ९७ बाइट्स. शेवटचा बाइट नाव संपल्याची खूण असलेल्या शून्यासाठी राखून कापलं तर ७९ उरतात, आणि कात्री नेमकी ‘मराठी’च्या वेलांटीवर पडते: ‘मराठ’ आणि पुढं तिच्या तीनपैकी एक बाइट, अर्थहीन. कापलंच नाही, सरळ ओतलं, तर शेजारची स्मृती बिघडते, ते त्याहून वाईट. चांगला तपासनीस इथं दोन गोष्टी मागतो: लांबी मोजा, आणि कापायचंच तर अक्षराच्या सीमेवर कापा.

मग ८० चे २५६ का करत नाहीत? कारण तो आकडा कर्नल आणि बाहेरचे प्रोग्राम यांच्यातल्या करारात आहे. तो बदलला तर जुने प्रोग्राम मोडतील, आणि चालू प्रोग्राम मोडायचे नाहीत हा कर्नलचा कडक नियम. २०१६ च्या ४.५ आवृत्तीत उपकरण नोंदवायची नवी पद्धत आली, सगळी रचना नव्यानं मांडली गेली, तेव्हा संधी होती. नावाची जागा ८० च राहिली.