वनस्पतिद्रव्यांचे प्रकाशशोषणमापन

वनस्पतीच्या अर्कातून ठरावीक तरंगलांबीचा प्रकाश सोडून, तो किती शोषला गेला यावरून अर्कातील द्रव्याचे प्रमाण काढण्याची रीत. उपकरण स्पेक्ट्रोफोटोमीटर, आधार बिअर-लँबर्ट नियम. विरल द्रावणात शोषणांक (प्रयोगशाळेत रूढ शब्द ‘ओ.डी.’) संहतीच्या सम प्रमाणात वाढतो. अर्क दाट असल्यास हे प्रमाण मोडते, म्हणून तो पातळ करून पुन्हा मोजतात.

हरितद्रव्य : पान ८० टक्के अ‍ॅसिटोनमध्ये खलून, गाळून ६६३ व ६४५ नॅनोमीटरवर शोषणांक घेतात. काम मंद उजेडात उरकावे लागते, कारण प्रकाशात हरितद्रव्याचे विघटन होते. डॅनियल आर्नन यांच्या १९४९ च्या सूत्रानुसार एकूण हरितद्रव्य (मिग्रॅ. प्रतिलिटर) = २०.२ × (६४५ वरील शोषणांक) + ८.०२ × (६६३ वरील शोषणांक). यातील गुणक मॅकिनी यांच्या १९४१ च्या मोजणीतून आलेले. पोरा व सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये ते सदोष ठरवून नवे दिले. प्रबंधांतून मात्र आर्नन यांचेच सूत्र चालू आहे. त्यामुळे सूत्राचा उल्लेख नसलेले आकडे परस्परांशी ताडू नयेत.

प्रोलीन : बेट्स, वॉल्ड्रेन व टियर यांची पद्धत (१९७३). ३ टक्के सल्फोसॅलिसिलिक आम्लातील अर्क आम्लधर्मी निनहायड्रिनबरोबर तासभर उकळत्या पाण्यात ठेवतात. तांबूस रंग टोल्युइनमध्ये उतरवून ५२० नॅनोमीटरवर वाचतात. पाण्याचा ताण बसलेल्या अनेक पिकांत हे अमिनो आम्ल साठते. ते पिकाला तारते की केवळ ताणाची खूण असते, याबद्दल मतभेद आहेत. पर्जन्यछायेतील अहिल्यानगर जिल्ह्यात या मोजणीला विशेष अर्थ आहे. नगर तालुक्यातील हिवरे बाजार येथे पोपटराव पवार यांच्या पुढाकाराने ग्रामसभा पाऊस व भूजल पाहून पाण्याचा ताळेबंद मांडते आणि त्यावरून पिके ठरवते. उसासारख्या पिकांना तेथे मज्जाव आहे. हा हिशेब शिवारातील पाण्याचा. पाणी कमी पडल्यावर ज्वारीच्या पानात काय घडले, हे प्रोलीनसारख्या मोजणीतून दिसते.

कांद्याचा तिखटपणा : श्विमर व वेस्टन (१९६१). कांदा चिरताच पेशी फुटून अ‍ॅलिनेज विकर कामाला लागते व पायरुव्हिक आम्ल तयार होते. डायनायट्रोफेनिलहायड्राझिनने आणलेला रंग ४२० नॅनोमीटरवर मोजतात. मुळातले आम्ल वजा करण्यासाठी दुसरा कांदा अख्खाच तापवून विकर आधी निकामी करावे लागते. ही पायरी गाळली, तर कांदा आहे त्याहून तिखट ठरतो.

एकूण फिनॉले : फोलिन-सिओकाल्टो विक्रियाकारक, सुमारे ७६५ नॅनोमीटर, मूल्य गॅलिक आम्लाच्या तुल्यांकात. क जीवनसत्त्वही हाच निळा रंग देते, तेव्हा ‘एकूण’ हे विशेषण सैलच घ्यावे.

अँथोसायनिने : सामू-फरक पद्धत, ५२० व ७०० नॅनोमीटर.