पुस्तकातून गळालेला शब्द

महाराष्ट्रात २०१८ साली दहावीचे विज्ञानाचे पुस्तक आले, त्याच्या दुसऱ्या भागात पहिलाच धडा 'आनुवंशिकता व उत्क्रांती' हा होता. गुरुजींनी तो शिकवला, मुलांनी लिहून घेतला. अमेरिकेत मात्र याच विषयापायी एका मास्तराला कोर्टाची पायरी चढावी लागली होती.

साल १९२५. टेनेसी राज्याने मार्चमध्ये कायदा केला, की माणूस खालच्या प्राण्यांपासून झाला असे सरकारी शाळेत शिकवायचे नाही. आता गंमत पाहा. त्याच राज्याने हायस्कुलांना नेमून दिलेल्या हंटरसाहेबांच्या जीवशास्त्रात उत्क्रांतीचा भाग होता! पुस्तक शिकवावे तर कायदा मोडतो, न शिकवावे तर नेमलेले काम राहते. डेटन गावातल्या औषधाच्या दुकानात काही मंडळी जमली, आणि कायद्याची परीक्षा पाहायला त्यांनी चोवीस वर्षांच्या जॉन स्कोप्स या शिक्षकाला पुढे केले. गावाचे नाव गाजेल, हाही हिशेब होताच.

जुलैत खटला उभा राहिला. शिकागोच्या रेडिओ केंद्राने तो थेट ऐकवला. स्कोप्सच्या विद्यार्थ्यांच्याही साक्षी झाल्या. या शिकवण्याने तुझे काही बिघडले का, असे वकिलाने विचारले, तर पोरगा म्हणाला, नाही. तरी शंभर डॉलर दंड झालाच. १९२७ साली वरच्या कोर्टाने, दंड ठरवण्याची रीत चुकली म्हणून, शिक्षा रद्द केली. कायदा मात्र १९६७ पर्यंत तसाच राहिला.

पण माझ्या मते खरे नुकसान कोर्टात नव्हे, छापखान्यात झाले. हंटरसाहेबांच्या १९२६ च्या नव्या पुस्तकातून 'उत्क्रांती' हा शब्दच गळाला. (जुन्या पुस्तकात माणसांच्या वंशांची उतरंड लावणारा मजकूरही होता, ओरड झाली ती त्याबद्दल नव्हे.) प्रकाशकांना पुस्तके खपवायची होती. कुणी हा विषय गाळला, कुणी शेवटी कोपऱ्यात ढकलला. बेडूक आणि माणूस यांच्या हाडांची ठेवण इतकी मिळतीजुळती का, असे एखाद्या चौकस मुलाने विचारले, तर बऱ्याच पुस्तकांपाशी त्याला धड उत्तर नव्हते.

मग १९५७ साली रशियाने स्पुटनिक सोडला आणि अमेरिकेला शाळेतल्या विज्ञानाची काळजी लागली. सरकारी पैशाने शास्त्रज्ञ आणि शिक्षक एकत्र बसले. १९६३ साली त्यांची जीवशास्त्राची पुस्तके निघाली, त्यांत उत्क्रांती पुन्हा मध्यभागी आली.

अर्कान्सा राज्यात लिटल रॉकच्या हायस्कुलात सुझन एपरसन या जीवशास्त्राच्या बाई होत्या. १९६५ साली त्यांच्याही हाती असेच नवे पुस्तक आले. पुस्तकात धडा, कायद्यात बंदी, पेच तोच. बाई आपणहून कोर्टात गेल्या. नोव्हेंबर १९६८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने या वेळी कायदाच रद्द ठरवला.